धर्मप्रांताने काढलेली संस्था धर्मप्रांताच्या मालकीची असते का?

तुमचा प्रश्न वाचून पहिल्यांदा बरं वाटलं ते यासाठी की तो वेळेत आला आहे. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सत्तावीस वर्षं वकिली करताना अशा बाबतीत माझ्याकडे लोक येतात ते बहुधा जमीन विकून झाल्यावर, ठेवी मोडून झाल्यावर. तुमच्याकडे अजून नुसतं पत्र आलं आहे. पत्राला उत्तर देता येतं.

तुम्ही लिहिलेली हकीगत थोडक्यात अशी. धर्मप्रांताच्या, म्हणजे एका कॅथोलिक बिशपांच्या अधिकारक्षेत्राच्या, पुढाकाराने 1968 साली एक संस्था नोंदवली गेली. ती एक दवाखाना आणि मुलींचं एक वसतिगृह चालवते. संस्थेच्या घटनेप्रमाणे बिशप पदसिद्ध अध्यक्ष आहेत. कार्यकारी मंडळावर तीन फादर, दोन सिस्टर आणि तुमच्यासह चार प्रापंचिक, म्हणजे फादर-सिस्टर नसलेले, सभासद आहेत. दवाखाना धर्मप्रांताच्या ट्रस्टच्या जागेवर उभा आहे, वसतिगृहाची जागा मात्र संस्थेने स्वतःच्या पैशाने घेतली. आता बिशपांच्या कार्यालयाने तीन गोष्टी कळवल्या आहेत. एक, संस्थेची मुदत ठेव मोडून ती रक्कम चर्चच्या नूतनीकरणासाठी द्यावी. दोन, वसतिगृहाला लागून असलेली मोकळी जमीन विकून पैसे धर्मप्रांताकडे वर्ग करावेत. तीन, त्याबदल्यात धर्मप्रांताला परदेशातून मिळणाऱ्या देणग्यांतून दवाखान्याला मदत दिली जाईल. तुम्ही विचारता, ‘आम्ही नाही म्हणू शकतो का, की संस्था मुळात चर्चचीच आहे?’

प्रश्न असा मांडला की तो भांडणाचा होतो. मी तो जरा वेगळा मांडतो: बिशप संस्थेला एखादी गोष्ट सांगतात तेव्हा ते कोणत्या नात्याने सांगतात? धर्मप्रांताचे प्रमुख म्हणून, की संस्थेचे अध्यक्ष म्हणून? माणूस एकच असला तरी कायद्याच्या नजरेत ही दोन पदं आहेत आणि दोन्हींची कर्तव्यं वेगळी आहेत. तुमचं बहुतेक उत्तर या फरकातच आहे.

आधी हे सांगतो की सगळं कशावर अवलंबून आहे, कारण ‘चर्चची संस्था’ या दोन शब्दांखाली मी निदान चार वेगवेगळे प्रकार पाहिले आहेत. कधी दवाखान्याची स्वतंत्र नोंदणीच नसते; तो धर्मग्रामाच्या (एका स्थानिक चर्चच्या मंडळीच्या) किंवा धर्मप्रांताच्या ट्रस्टचाच एक उपक्रम असतो, पॅनही तोच, ऑडिटही तेच. तिथे वेगळेपणाचा मुद्दाच उरत नाही. कधी संस्था सिस्टरांच्या एखाद्या संघाची असते, धर्मप्रांताची नव्हे. बाहेरच्याला हा फरक दिसत नाही, पण त्या संघाची स्वतःची नोंदणी असते आणि बिशपांचा तिच्या पैशाशी संबंध नसतो. कधी ती कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची कंपनी असते. आणि चौथा प्रकार तुमचा: 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदवलेली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खाली सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद झालेली संस्था.

तुमचा प्रकार खरंच चौथा आहे का, हे आधी कागदावर पाहून घ्या. नोंदणी क्रमांक ‘एफ’ या अक्षराने सुरू होत असेल तर ती सोसायटी आहे. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट 1 चा उतारा काढा. बोलीभाषेत आपण त्याला पीटीआरचा (सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा) उतारा किंवा शेड्यूल वन म्हणतो. त्यावर विश्वस्तांची नावं, न्यासाचे उद्देश आणि स्थावर मालमत्ता लिहिलेली असते. धर्मप्रांताच्या ट्रस्टचाही असाच उतारा असेल, तोही काढा. दोन उतारे शेजारी ठेवलेत की निम्मा वाद संपतो, कारण एकच जमीन दोन्हींवर आहे की एकावरच, ते डोळ्यांनी दिसतं.

आता मूळ मुद्दा. 1950 चा कायदा मंदिर, मठ, चर्च, अग्यारी, सिनेगॉग या सगळ्यांना ‘सार्वजनिक न्यास’ म्हणतो आणि धर्मादाय सोसायटीलाही तेच म्हणतो. म्हणजे तुमच्या गावचं चर्च ज्या ट्रस्टखाली आहे तो एक न्यास, तुमची संस्था दुसरा. कायद्यात ‘आई-न्यास’ आणि ‘लेक-न्यास’ असं नातं नाही. संस्था कोणाच्या प्रेरणेने निघाली, पहिली देणगी कोणी मिळवून दिली, दाराशी कोणत्या संताचा पुतळा आहे, यावरून मालकी ठरत नाही. मालकी ठरते खरेदीखतावरून, नोंदवलेल्या उद्देशांवरून आणि त्या उद्देशांसाठी मालमत्ता कोणाच्या हाती सोपवली आहे त्यावरून.

हे माझं मत नाही, आणि यासाठी एक प्रकरण तुम्हाला नीट माहीत असावं. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्या सहांत चर्च ऑफ द ब्रेदरन होतं. गुजरातमध्ये या ब्रेदरनांची ‘फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रेदरन’ नावाची संस्था होती, सोसायटी म्हणून आणि 1950 च्या याच कायद्याखाली (तेव्हा तो मुंबई राज्याचा होता) न्यास म्हणूनही नोंदलेली. राज्यं वेगळी झाल्यावरही तो कायदा गुजरातमध्ये चालू राहिला होता. विलीनीकरणाचा ठराव झाला. नव्या चर्चचं म्हणणं, मंडळी एक झाली म्हणजे मालमत्ताही आपोआप आमची. काही जुन्या सभासदांनी ते मान्य केलं नाही आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोनदा गेला. 2005 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की न्यासाची मालमत्ता आणि व्यवस्थापन हे विषय त्या न्यास कायद्याच्या यंत्रणेपुढेच सुटले पाहिजेत, दिवाणी दावा लावून नव्हे. 2013 च्या निकालात तर थेट म्हटलं की नुसत्या ठरावाने संस्था विसर्जित होत नाही. सोसायटी कायद्याच्या कलम 13 आणि 14 ची पद्धत पाळावी लागते, आणि ती पाळली नाही तोवर मालमत्ता मूळ न्यासाकडेच राहते.

हा निकाल तुम्हाला का सांगतो आहे? तिथे श्रद्धेच्या पातळीवर ऐक्य झालं होतं, प्रार्थना एक झाली होती, तरी जमीन हलली नाही. तुमच्याकडे तर विलीनीकरणही झालेलं नाही. एक पत्र आलं आहे.

यावर समोरून एक युक्तिवाद येईल, आणि तो पोकळ नाही, म्हणून त्याचा विचार आधीच करून ठेवा. संविधानाचं कलम 26 प्रत्येक धर्मपंथाला चार हक्क देतं: धार्मिक आणि धर्मादाय संस्था स्थापून चालवणं, धर्माच्या बाबतीत स्वतःचा कारभार स्वतः पाहणं, मालमत्ता धारण करणं, आणि तिची व्यवस्था ‘कायद्यानुसार’ करणं. धर्मप्रांत म्हणेल की दवाखाना हे आमच्या सेवाधर्माचं अंग आहे, त्यात आयुक्तांनी किंवा कोणा सभासदाने पडू नये. 1950 चा कायदा आला तेव्हा नेमक्या याच आधारावर त्याला आव्हान दिलं गेलं होतं. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य हे 1954 चं प्रकरण. आव्हान देणारे एका जैन न्यासाचे व्यवस्थापक होते आणि त्यासोबत पारशी पंचायतीच्या विश्वस्तांचंही प्रकरण ऐकलं गेलं. न्यायालयाने बहुतेक कायदा टिकवला. धर्माचरण हा पंथाचा अधिकार, पण मालमत्तेची व्यवस्था ही लौकिक बाब, आणि तिचं नियमन राज्याला करता येतं, असं त्याचं सूत्र. मात्र व्यवस्था पंथाच्या हातातून पूर्ण काढून घेता येत नाही, हेही त्याच निकालात आहे.

त्या निकालातला आणखी एक भाग मला तुमच्यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. मूळ उद्देश पार पाडणं शक्य असतानाही धार्मिक न्यासाचा पैसा दुसऱ्या ‘योग्य’ वाटणाऱ्या कामाकडे वळवण्याची मुभा देणाऱ्या तरतुदी न्यायालयाने तेव्हा रद्द केल्या. देणाऱ्याने ज्या हेतूने दिलं, तो हेतू जिवंत असेपर्यंत पैसा तिथेच राहिला पाहिजे. हे तत्त्व तेव्हा चर्च, मंदिर आणि देरासर (जैन मंदिर) यांच्या रक्षणासाठी आलं. वेदीसाठी दिलेला पैसा सरकारला दवाखान्याकडे वळवता येत नाही. मग रुग्णांसाठी दिलेला पैसा वेदीकडे कसा वळेल? धर्मप्रांताशी बोलताना हे जरूर मांडा. त्यांच्या स्वतःच्या संरक्षणाची हीच भिंत आहे.

म्हणजे सीमारेषा अशी: दवाखान्याच्या चॅपलमध्ये मिस्सा कधी व्हावा, तिथे कोणते फादर यावेत, वसतिगृहातल्या ख्रिस्ती मुलींच्या धर्मशिक्षणाची सोय कोणी पाहावी, यात बिशपांचा शब्द शेवटचा आहे आणि कोणतंही कार्यालय त्यात हात घालणार नाही. ठेव, जमीन, भाडं, पगार, औषधखरेदी यात निर्णय कार्यकारी मंडळाचा, आणि मंडळावर कायद्याचा.

आता तीन मागण्या एकेक करून.

मुदत ठेवीपासून सुरुवात करतो, कारण ती सोपी दिसते आणि तिच्यातच लोक जास्त अडकतात. घटनेतल्या उद्देशांचं कलम काढा आणि शब्दशः वाचा. तिथे फक्त वैद्यकीय मदत आणि मुलींच्या शिक्षणाची सोय असेल, तर चर्चच्या छतासाठी पैसे देणं उद्देशाबाहेर आहे आणि एकमताने ठराव झाला तरी ते बाहेरच राहतं. उद्देशांत ‘ख्रिस्ती समाजाची धार्मिक उन्नती’ असं काही असेल, तर उत्तर इतकं सरळ नाही. जुन्या संस्थांच्या घटनांत अशी ओळ बरेचदा असते, कारण त्या काळी घटना लिहिणाऱ्यांनी सगळं एकत्र लिहून टाकलं होतं. तेव्हा ही ओळ आहे की नाही ते मला कळवा, त्यावाचून मी पुढे ठामपणे बोलणार नाही.

ओळ असली तरी आयकराची बाजू राहतेच. मी इथे 1961 च्या कायद्याची कलमं सांगतो, कारण तुमची प्रमाणपत्रं त्याच कायद्याखाली निघालेली असणार. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर अधिनियम लागू होतो आणि त्यात क्रमांक बदलले आहेत, तेव्हा चालू क्रमांक सीएकडून घ्या. तुमच्या संस्थेला 80जी असेल, म्हणजे देणगीदाराला वजावट मिळत असेल, तर धार्मिक स्वरूपाचा खर्च वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या 5 टक्क्यांपलीकडे गेल्यास ती सवलत धोक्यात येते. शिवाय कलम 13(1)(ब) आहे: 1961 चा कायदा अमलात आल्यानंतर निघालेला धर्मादाय न्यास एखाद्या विशिष्ट धर्मसमाजाच्याच फायद्यासाठी असेल, तर करमाफी जाते. तुमची संस्था 1968 ची, म्हणजे हे कलम तिला लागू. दवाखाना सर्वांसाठी खुला आहे ही तुमची मोठी जमेची बाजू आहे, ती हिशोबात धूसर होऊ देऊ नका. तिसरं, एका नोंदणीकृत न्यासाने दुसऱ्याला देणगी दिली तर आता तिच्या 85 टक्केच रक्कम ‘खर्च’ म्हणून धरली जाते, आणि कॉर्पस, म्हणजे कायम निधी, म्हणून दिली तर काहीच धरली जात नाही. म्हणजे ठेव तर जाईलच, वर कराचा प्रश्नही येऊ शकेल.

एका संस्थेचा अनुभव सांगतो. तिथल्या मंडळाने अशीच ठेव मोडून दिली आणि ताळेबंदात ती ‘धर्मप्रांताला तात्पुरती उसनवारी’ म्हणून दाखवली. दरवर्षी ऑडिटरने शेरा मारला, दरवर्षी मंडळाने तो वाचून बाजूला ठेवला. सात वर्षांनी चौकशी लागली तेव्हा तो ठराव करणाऱ्यांपैकी दोघं हयात नव्हते, बिशप बदलून गेले होते, आणि उत्तर द्यायला उरले ते दोन निवृत्त शिक्षक. त्यांनी एक पैसाही घेतला नव्हता. 1950 च्या कायद्याची कलमं 40 आणि 41 न्यासाचं नुकसान निश्चित करून ते विश्वस्ताकडून वसूल करण्याचा अधिकार देतात, आणि तिथे ‘मी फक्त सही केली’ हे उत्तर चालत नाही. ती दोन माणसं माझ्या समोर कशी बसली होती ते मला अजून आठवतं. म्हणून मंडळावरच्या प्रत्येकाला मी सांगतो की सही तुमची एकट्याची असते.

हे फादर आणि सिस्टरांनाही लागू आहे, आणि त्यांच्यासाठी ते जास्त अवघड आहे. आज्ञापालनाचं व्रत घेतलेला माणूस मंडळात बिशपांच्या विरुद्ध मत कसं देईल? त्यांच्या मनातली ही ओढाताण खरी असते, तिचा आदर करा. पण राज्याचा कायदा व्रत पाहत नाही. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या फादर-सिस्टरांचं म्हणणं होतं की आम्ही गरिबीचं व्रत घेतलं आहे, पगार थेट संघाकडे जातो, कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याप्रमाणे, आमचं लौकिक अस्तित्व संपलेलं आहे, म्हणून टीडीएस कापू नये. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. पगार ज्याच्या नावाने निघतो त्याचं ते उत्पन्न, पुढे तो कोणाला देतो हा वेगळा प्रश्न. विश्वस्तपदालाही तोच न्याय लावा: पद ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची.

दुसरी मागणी जमिनीची. इथे कायदा सर्वांत स्पष्ट आहे. 1950 च्या कायद्याच्या कलम 36 प्रमाणे सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला, अदलाबदल करायला किंवा बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भाडेपट्टासुद्धा शेतजमिनीचा दहा वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जमिनीचा किंवा इमारतीचा तीन वर्षांपेक्षा जास्त असेल तर लागते. परवानगीचा अर्ज संस्थेनेच करायचा असतो, धर्मप्रांताने नाही. आणि अर्जात दाखवावं लागतं की ही विक्री त्या न्यासाच्या हिताची आहे. ‘या’ न्यासाच्या, म्हणजे दवाखाना आणि वसतिगृहाच्या. विक्रीचा पैसा दुसऱ्या न्यासाकडे जाणार असं अर्जात लिहिलंत तर परवानगी मिळणं कठीण. न लिहिता मिळवलीत तर ती खोटेपणाने मिळवलेली परवानगी होईल आणि पुढे सगळ्यांना महागात पडेल.

माझ्या अनुभवात इथे एक दुसरीच अडचण निघते: रेकॉर्ड जुनं असतं. विश्वस्त बदलले की कलम 22 खाली नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. आपल्याकडे सगळे त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. कित्येक चर्चसंलग्न संस्थांनी तो वर्षानुवर्षं दिलेला नसतो, कारण बिशप बदलले की अध्यक्ष ‘आपोआप’ बदलतात अशी समजूत. घटनेप्रमाणे बदलतात हे खरं, पण रजिस्टरवर बदलत नाहीत. तुमच्या उताऱ्यावर अजून दोन बिशपांपूर्वीचं नाव असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. हे आधी दुरुस्त करा, जमिनीचं काही होवो वा न होवो.

याच जोडीला दवाखान्याच्या जागेबद्दल बोलायला हवं, कारण इथे तुमची बाजू लंगडी आहे आणि ते मी लपवणार नाही. जागा धर्मप्रांताच्या ट्रस्टची आहे. इमारत कोणाच्या पैशाने बांधली? संस्थेच्या पैशाने, आणि धर्मप्रांताच्या संमतीने बांधली असेल, तर 1882 च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम 60 चा आधार घेता येतो: परवानगीच्या भरवशावर खर्च करून कायम स्वरूपाचं बांधकाम केलं असेल तर ती परवानगी मनाला येईल तेव्हा काढून घेता येत नाही. पण त्यासाठी पुरावा लागेल: बांधकामाची बिलं, त्या वर्षांचे ऑडिट, धर्मप्रांताचं एखादं पत्र. मी बघितलेल्या बहुतेक ठिकाणी असा एकही लेखी करार नसतो. सगळं विश्वासावर चाललेलं असतं, आणि विश्वास देणारी माणसं निघून जातात. या वादातून काही चांगलं निघायचं असेल तर ते हेच, की दोन न्यासांमध्ये जागेचा रीतसर भाडेपट्टा व्हावा. लक्षात घ्या, तीन वर्षांहून लांब मुदतीसाठी धर्मप्रांताच्या ट्रस्टलाही कलम 36 ची परवानगी घ्यावी लागेल.

तिसरी मागणी, खरं तर आश्वासन, म्हणजे परदेशी देणग्यांतून मदत. हे आश्वासन देणाऱ्याने बहुधा चांगल्या मनाने दिलं असेल, पण ते आज पाळताच येत नाही. परकीय योगदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए, 2010 चा. 2020 च्या दुरुस्तीपूर्वी एक नोंदणीकृत संस्था दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला परदेशी पैसा पुढे देऊ शकत होती. दुरुस्तीनंतर कलम 7 ने असं हस्तांतरण पूर्ण बंद केलं, दोघांकडेही नोंदणी असली तरी. धर्मप्रांताच्या खात्यातून तुमच्या दवाखान्याच्या खात्यात परदेशी पैसा आला, तर धर्मप्रांताची नोंदणी रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. दवाखान्याला परदेशी मदत हवीच असेल तर संस्थेने स्वतःची नोंदणी घ्यायची, स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत स्वतःचं खातं उघडायचं, आणि दात्याने थेट तिथे पाठवायचं. प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा आहे, तीही पाळायची.

बिशपांना हा मुद्दा सर्वांत आधी सांगा असं मी म्हणेन. दोन कारणांनी. एक तर तो त्यांच्या हिताचा आहे. दुसरं, तुम्ही दोन वेगळ्या व्यक्ती आहात हे केंद्राचा कायदा किती कठोरपणे मानतो, हे त्यातून त्यांना आपोआप दिसेल. धर्मप्रांताला जी रक्कम ‘घरातल्या घरात’ वाटते, ती कायद्याला दुसऱ्याच्या घरात गेलेली दिसते.

वेगळेपण चर्चलाही किती सांभाळतं, हे फार कमी वेळा बोललं जातं. उद्या दवाखान्यात उपचारांत हलगर्जी झाल्याची तक्रार आली, तर काही रुग्णांकडून पैसे घेणारा दवाखाना ग्राहक कायद्याखाली येतो, हे 1995 पासून सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेलं आहे. भरपाईचा हुकूम झाला तर तो संस्थेवर होईल, गावच्या चर्चच्या इमारतीवर नाही. पण ते तेव्हाच, जेव्हा हिशोब, ठराव आणि खाती खरोखर वेगळी ठेवलेली असतील. दोन्हीकडचा पैसा हवा तसा इकडून तिकडे फिरवलेला असेल तर विरुद्ध पक्षाचा वकील पहिल्याच दिवशी ते दाखवून देईल. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

आता उत्तर कसं द्यायचं. माझा आग्रह आहे की पहिलं उत्तर वकिलाच्या नोटिशीचं नसावं. बिशपांची वेळ मागून भेटा, आणि भेटायला जाताना त्यांच्याच कायद्याचा आधार घेऊन जा. कॅथोलिक ख्रिस्तसभेची 1983 ची धर्मसंहिता त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त बांधते. तिचं कलम 1267 सांगतं की श्रद्धावंतांनी ठरावीक हेतूने दिलेलं दान त्याच हेतूसाठी वापरावं. कलम 1284 मालमत्तेच्या व्यवस्थापकांना देशाचा कायदाही पाळायला सांगतं, तो न पाळल्यामुळे ख्रिस्तसभेचं नुकसान होऊ नये म्हणून. आणि कलम 492 प्रमाणे प्रत्येक धर्मप्रांतात अर्थविषयक मंडळ असावंच लागतं. ते पत्र या मंडळापुढे गेलं होतं का, एवढंच नम्रपणे विचारा. मी हाताळलेल्या अशा वादांपैकी बरेच इथेच मिटले, कारण पत्र कार्यालयातल्या कोणीतरी घाईने लिहिलेलं असतं आणि बिशपांना त्यामागचे परिणाम कोणी सांगितलेलेच नसतात.

ऐकून घेतलं तर मदतीचे सरळ मार्गही आहेत. दवाखान्याच्या जागेचं वाजवी भाडं संस्थेने धर्मप्रांताच्या ट्रस्टला द्यावं. तो संस्थेचा रास्त खर्च आहे आणि त्यातून चर्चच्या दुरुस्तीला हातभार लागेल. नूतनीकरणासाठी वेगळी पावती पुस्तकं काढून चर्चच्या नावाने उघड वर्गणी करावी. दवाखान्याने ज्यांना बरं केलं ती माणसं स्वतःहून देतील. आणि दोन्ही न्यास एकच करायचे असं कोणाला मनापासून वाटत असेल, तर त्यालाही वाट आहे: सोसायटी कायद्याच्या कलम 12 ची पद्धत, दोन सर्वसाधारण सभा आणि तीन पंचमांश मतं, किंवा आयुक्तांकडे 1950 च्या कायद्याच्या कलम 50अ खाली एकत्रित योजना. ती लांबची आणि सभासदांसमोरून जाणारी वाट आहे. तशी ती असायलाच हवी.

ऐकून घेतलं नाही तर त्याच 1950 च्या कायद्याच्या कलम 41अ खाली आयुक्तांकडे निर्देश मागता येतात. मालमत्ता हातची जाण्याची भीती असेल तर कलम 41इ खाली मनाई मागता येते. ही शेवटची पायरी आहे, पहिली नाही, पण ती आहे हे तुमच्या सहकाऱ्यांना माहीत असू द्या. घाबरलेलं मंडळ चुकीच्या ठरावावर सही करतं.

पुढची सभा चौदा दिवसांत आहे असं तुम्ही लिहिलंय. विषयपत्रिकेवर हे पत्र स्वतंत्र विषय म्हणून घ्या, ‘आयत्या वेळचे विषय’ यात नको. या विषयापुरतं बिशपांनी अध्यक्षस्थान सोडावं अशी त्यांना आधी विनंती करा, कारण मागणारे तेच आणि ठरवणारेही तेच, हे त्यांच्यासाठीच बरं दिसत नाही. बहुतेक बिशप हे मान्य करतात. ठराव साधा ठेवा: पत्र वाचलं, ठेव आणि जमीन यांबाबत संस्थेचे उद्देश आणि कलम 36 लक्षात घेता आज निर्णय घेता येत नाही, कायदेशीर सल्ला घ्यावा, धर्मप्रांताशी जागेच्या भाडेपट्ट्याची बोलणी सुरू करावी. कोणी विरोधात मत दिलं तर ते नावानिशी इतिवृत्तात यावं, आणि तुमचं मत जे असेल तेही. इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहून सह्या घ्या. सभेपूर्वी दोन्ही उतारे, घटनेची प्रमाणित प्रत, वसतिगृहाच्या जागेचं खरेदीखत आणि तिचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड हाताशी असू द्या. उद्देशांच्या कलमातली ती ओळ सापडली की तेवढी शब्दशः इथे लिहा. ठेवीबद्दलचं माझं उत्तर तिच्यावर अडलेलं आहे.